घाटावरचे खारे पाणी

लोणारचे सरोवर म्हणजे विझलेला ज्वालामुखी, ही समजूत खानदेशात अजून घट्ट आहे. शाळेच्या सहलीत ती मुलांना सांगितली जाते आणि मुले ती जन्मभर बाळगतात. विवराच्या काठावर उभे राहून खाली पाहिले की ती खरीही वाटते. गोल तोंड, आत उतरत गेलेल्या भिंती, तळाशी हिरवट पाणी आणि जिकडेतिकडे काळा दगड. नावाजलेल्या भूवैज्ञानिकांनाही शंभराहून अधिक वर्षे तसेच वाटत होते, तेव्हा या समजुतीला हसण्याचे कारण नाही. तरीही ती दुरुस्त व्हावी असे मला मनापासून वाटते, आणि तेही आधी खानदेशी वाचकाच्या मनात. कारण ज्वालामुखीचा मुलूख पाहण्यासाठी आपल्याला लोणारपर्यंत जावेच लागत नाही. तो आपल्या पायाखाली आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. तो चित्रातल्यासारखा शंकूच्या आकाराच्या डोंगराच्या माथ्यातून उसळला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून तो वर आला आणि पाण्यासारखा पसरत गेला. एक थर निवतो, मध्ये बराच काळ जातो, मग दुसरा थर येतो. अजिंठ्याचा जो कडा कोरून लेणी घडवली, तो याच थरांचा. ज्या भेगांतून लाव्हा वर येत होता, त्यांतल्या कित्येक भेगा शेवटी त्याच लाव्ह्याने भरून थिजल्या. हा भेगेतला दगड आजूबाजूच्या दगडापेक्षा टणक. बाजूचा खडक झिजून गेला आणि हा भिंतीसारखा उभा राहिला. भूशास्त्रात त्याला भित्ती म्हणतात. साक्रीहून धुळ्याकडे येताना शेतांच्या पलीकडे आखल्यासारख्या सरळ जाणाऱ्या, काळ्या धोंड्यांनी भरलेल्या बुटक्या टेकड्यांच्या ओळी आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. त्या या भित्ती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नंदुरबार आणि धुळे भागातल्या अशा २१० भित्ती नोंदल्या गेल्या. त्यांतली सर्वांत लांब साक्री, धुळे, पारोळा अशी ७९ किलोमीटर जाते. जगात लाव्ह्याचे प्रचंड पठार घडवणाऱ्या भेगा इतक्या उघड्यावर दिसण्याच्या जागा फार नाहीत, आणि आपण त्यांच्यावर खडी फोडण्याची यंत्रे बसवली आहेत.

लोणारची गोष्ट वेगळी आहे. तिथला दगड आपलाच, त्याच लाव्ह्याचा. खड्डा मात्र आकाशातून आलेल्या एका धोंड्याने पाडला.

१८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली आणि युरोपी अभ्यासकांचे लक्ष इकडे वळले. त्या काळी गोल खड्ड्याचा खुलासा एकच होता, ज्वालामुखी. उल्का जमिनीवर आपटून एवढे मोठे विवर पडू शकते, ही कल्पनाच विज्ञानात रुजलेली नव्हती. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातले आज जगप्रसिद्ध असलेले विवरही १८९० च्या दशकात गिल्बर्ट या मोठ्या भूवैज्ञानिकाने तपासले, आणि त्यानेही शेवटी भूगर्भातल्या वाफेच्या स्फोटाचाच निष्कर्ष काढला. तिथला वाद मिटायला विसाव्या शतकाची साठ वर्षे जावी लागली. मग नजर लोणारकडे वळली.

ज्वालामुखीच्या मताला एक मोठी अडचण होतीच. दख्खनचा लाव्हा थांबून कोट्यवधी वर्षे झाली, आणि हे विवर तर अगदी ताजे दिसते. काठ अजून उंचावलेला आहे, भिंती अजून तीव्र उताराच्या आहेत. साडेसहा कोटी वर्षांच्या पावसाने ते केव्हाच सपाट केले असते. शिवाय आसपास कुठेही नंतरच्या काळातला लाव्हा नाही, राख नाही. मग गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सरोवराच्या तळात भोके पाडून खालचा खडक वर काढला गेला. सुमारे शंभर मीटर गाळ लागला, आणि त्याखाली चुरडलेल्या, भरडलेल्या बेसाल्टचा ढीग. त्या तुकड्यांत मॅस्केलिनाइट सापडले. बेसाल्टमधल्या फेल्डस्पार खनिजावर क्षणभर अफाट दाब आला, तर ते वितळण्याआधीच आतून मोडते आणि काचेसारखे होते. ज्वालामुखीत तापमान भरपूर असते, पण असा दाब निर्माण होत नाही. तो फक्त प्रचंड वेगाच्या आघाताने येतो. १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकन सहकाऱ्यांनी हा पुरावा मांडला आणि प्रश्न निकालात निघाला.

प्रयोगशाळेत न जाता आपल्याला पाहता येईल असाही एक पुरावा आहे. लाव्ह्याचे थर आपल्याकडे आडवे असतात, सातमाळ्याच्या रांगेत किंवा सातपुड्यात पाहा. लोणारच्या काठावर तेच थर बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. काही जागी तर उलटे झालेले आहेत, खालचा थर वर आणि वरचा खाली. आघातानंतर जमीन आतून बाहेर उलगडली गेली, त्याची ही खूण. गावाकडून काठावर जाणाऱ्या वाटेने पायी चालताना थांबून हा दगड नीट पाहावा. सरोवर पाहायला आलेल्यांपैकी फार थोडे लोक काठाकडे पाहतात.

विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली सुमारे दीडशे मीटर, आणि काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच. वयाबद्दल दोन मते आहेत. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे निघाले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पद्धतीच्या मोजणीत सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. मला दुसरी मोजणी अधिक भरवशाची वाटते, पण जुना आकडाच अजून बहुतेक ठिकाणी सांगितला जातो. पृथ्वीवर उल्काविवरे दोनशेच्या आसपास ओळखली गेली आहेत, पण बेसाल्टमध्ये पडलेली मोजकीच. ब्राझीलमध्ये अशी काही आहेत, ती पुष्कळ झिजलेली. चंद्राच्या काळ्या डागांचा आणि मंगळाच्या बऱ्याच भागाचा पृष्ठभाग बेसाल्टचा आहे. त्यामुळे तिथले खड्डे समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला येतात. १९७९ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लोणारला राष्ट्रीय भूवारसा म्हणून जाहीर केले, ते योग्यच झाले.

हे सगळे आधी मांडले, कारण विवर समजल्याशिवाय पाणी समजत नाही आणि पाणी समजल्याशिवाय इथली गावे समजत नाहीत.

विवर म्हणजे बाहेर जायला वाट नसलेले भांडे. पावसाचे पाणी भिंतींवरून उतरते, झऱ्यांचे पाणी येते, वाटेत बेसाल्टमधले सोडियमसारखे क्षार घेऊन येते, आणि मग फक्त वाफ होऊन जाते. क्षार मागे राहतात. हे हजारो वर्षे चालू आहे. म्हणून पाणी खारे आहे, आणि खारेपणाहून अधिक ते क्षारीय आहे. सामू दहाच्या आसपास, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या जातीचे पाणी. हात घातला तर बोटे बुळबुळीत होतात. मासा त्यात जगत नाही. जगतात ती निळी-हिरवी शैवले, त्यांतही स्पिरुलिनाची जात, आणि पाण्याला तो हिरवट रंग त्यांचाच. 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार आहे ते याच क्षारांमुळे. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो, अशी नोंद अबुल फज्लने केली आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर क्षाराचे थर उघडे पडत आणि लोक ते गोळा करीत. दल्ला, पापडी, भुस्की अशी त्यांची प्रतीनुसार नावे होती. मुघलांच्या, निजामाच्या आणि नंतर इंग्रजांच्या काळात या क्षारावर महसूल होता. रंगारी, साबण करणारे, बांगड्या करणारे असे कितीतरी धंदे या पाण्याशी बांधलेले होते. सरोवराला आज आपण 'प्रेक्षणीय स्थळ' म्हणतो, पण कित्येक शतके ते कामाचे ठिकाण होते.

जळगावहून लोणार दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. भुसावळ, मुक्ताईनगर, मलकापूर, आणि मग उजवीकडे वळून मोताळा. मलकापूरपर्यंत कानावर लेवा बोली पडते, केळी आणि कपाशी दिसते, खानदेश संपल्याची जाणीव होत नाही. मग राजूर घाट लागतो. बुलढाणा जिल्ह्यात लोक सरळ विचारतात, तुम्ही घाटावरचे की घाटाखालचे? घाटाखाली पूर्णेचे पाणी चांगदेवला तापीला मिळते. घाटावरचे पाणी गोदावरीकडे जाते, आणि गंमत अशी की लोणारच्या दक्षिणेकडून वाहणाऱ्या नदीचे नावही पूर्णाच. बुलढाणा, चिखली, मेहकर ओलांडून माणूस लोणारला पोचतो तेव्हा त्याने एक पाणलोट सोडून दुसरा धरलेला असतो. धुळेकरांना चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून, जालना आणि सिंदखेडराजामार्गे येता येते. त्या वाटेवर घाटाच्या पायथ्याशी पाटणादेवी आहे, आणि मी तरी तिला टाळून पुढे जाऊ देणार नाही. पाटणची मंदिरे, साक्री तालुक्यातल्या बळसाण्याची मंदिरे आणि चांगदेवचे मंदिर डोळ्यांत ठेवून लोणारच्या दैत्यसूदनासमोर उभे राहावे. दगड तोच, हात मात्र निराळे.

दैत्यसूदन मंदिर गावात आहे, तारकाकृती पायावर उभे, अंगभर शिल्पे. स्कंदपुराणात आणि पद्मपुराणात या क्षेत्राची कथा येते. लवणासुर जमिनीखाली दडून लोकांना छळत होता, विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपात येऊन त्याचे झाकण फेकून दिले आणि त्याला मारले. खाली उरली ती ही खाच, आणि त्याच्या रक्तामांसाचे झाले खारे पाणी. पुराणकथा आणि विज्ञान यांची जबरदस्तीने गाठ मारणाऱ्यांचे मला पटत नाही. पण जमीन एका फटक्यात उघडली गेली एवढे ज्यांनी कथेत धरले, त्यांनी हे विवर फार नीट निरखले होते, हे मान्य करावे लागते. महानुभावांच्या लीळाचरित्रातही लोणार आहे. चक्रधरांच्या पायांखालून गेलेल्या गावांची यादी करणाऱ्याला हे गाव वगळता येत नाही.

गावाच्या बाजूने, विवराच्या काठावर, धार आहे. गोमुखातून पडणारे गोडे पाणी. विवराच्या तोंडाशी गोडे पाणी आणि तळाशी सोड्याचे, ही लोणारची खरी नवलाई. पावसाचे पाणी बेसाल्टच्या सांध्यांत मुरते आणि विवराने तो सांधा जिथे कापला आहे तिथे झऱ्यासारखे बाहेर पडते, एवढेच त्याचे कारण. पण या पाण्यावर गाव वसले आहे. धारेवर स्नान होते, श्राद्धे होतात, बायका कुंकू वाहतात. खाली उतरल्यावर काठाकाठाने लहानमोठी देवळे लागतात : रामगया, शंकर-गणेश, वाघ महादेव, मोर महादेव, मुंगळ्याचा मारुती. काही उभी आहेत, काहींचे नुसते खांब. कमळजादेवीचे मंदिर पाण्याजवळ. नवरात्रात तिथे यात्रा भरते आणि आसपासच्या खेड्यांतून माणसे विवरात उतरतात. देवीजवळच्या विहिरीला सासू-सुनेची विहीर म्हणतात. एका बाजूचे पाणी गोडे, दुसऱ्या बाजूचे खारे, असे गावकरी सांगतात. विवराच्या उताराला एके काळी शेतीही होती, झऱ्यांच्या गोड्या पाण्यावर केळीसुद्धा होत असे. अभयारण्य झाल्यावर ती थांबली. काठाबाहेर अंबर तळे आहे, मुख्य धोंड्याच्या तुकड्याने पडलेले असावे असे मानतात. त्याच्याजवळ झोपलेल्या मोठ्या मारुतीची मूर्ती आहे.

आता गावांबद्दल. लोणारभोवती सुलतानपूर, बीबी, किनगाव जट्टू ही मोठी गावे आणि त्यांच्याभोवती लहान खेडी. सोयाबीन, तूर, कपाशी. ज्वारी मागे पडली, आणि ज्वारीबरोबर कडबा आणि जनावरेही. सरोवराच्या माहितीपत्रकांत या गावांचे नावही नसते. या पुस्तकात त्यांना जागा आहे, कारण सरोवरात येणारे पाणी वरच्या शेतांमधून आणि वरच्या वस्तीमधून येते. शेतात टाकलेले खत आणि औषध पावसात खाली जाते. लोणार गावाचे सांडपाणी वर्षानुवर्षे विवरात उतरत राहिले. सरोवराच्या संवर्धनासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर जनहित याचिका चालली, ती सुद्धा अशाच प्रश्नांवर. विलायती बाभळीने उताराचा मोठा भाग गिळला, ती काढण्याचे काम वनविभागाला हाती घ्यावे लागले. हे सगळे काठावरच्या कठड्याला टेकून फोटो काढणाऱ्याला दिसत नाही.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले आणि देशभर लोणारची बातमी झाली. टाळेबंदीत घरी बसलेल्या माणसांनी तऱ्हेतऱ्हेचे तर्क केले. नमुने तपासले गेले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण सांगितले : खूप खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव. पाणी आटले होते, खारेपणा वाढला होता, या जीवांची संख्या वाढली आणि त्यांच्यातल्या रंगद्रव्याने पाणी रंगले. पावसाने पाणी पातळ झाल्यावर रंग गेला. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत घेतले गेले. महाराष्ट्रातले पहिले नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर, हे दुसरे. ४२७ हेक्टरच्या या जागेत १६० जातींचे पक्षी नोंदलेले आहेत, लांडगाही आहे. मला त्या गुलाबी रंगापेक्षा त्यामागची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. पाणी थोडे कमी झाले तर या सरोवराचे सगळे जीवन बदलते, आणि पाणी जास्त झाले, गोडे किंवा घाण पाणी आत येत राहिले, तरी बदलते. खारेपणा हाच त्याचा प्राण आहे. वर राहणाऱ्या माणसांनी पाणी किती उपसले आणि किती सोडले, यावर तो ठरतो.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी भाग सुरू झाला. तो मेहकर आणि लोणार तालुक्यांतून जातो. नागपूरहून शिर्डीला जाणारा माणूस वाट थोडी वाकडी करून लोणार 'करून' येऊ शकतो. गाडी काठावर थांबते, वीस मिनिटांत फोटो होतात, चहा होतो, गाडी निघते. गावाच्या हाती त्यातून पाण्याच्या बाटल्या विकण्यापलीकडे फार काही लागत नाही. या पुस्तकाची सगळी मांडणी त्या वीस मिनिटांच्या विरोधात आहे. पहिला भाग आपल्या भित्तींपासून सुरू होतो, म्हणजे लोणारचा दगड घरातला म्हणून ओळखता येईल. दुसरा भाग विवराचा, तिसरा पाण्याचा, आणि सर्वांत मोठा चौथा भाग काठावरच्या आणि काठाबाहेरच्या गावांचा. मंदिरांच्या मूर्तिशास्त्रावर मी थोडेच लिहिले आहे. त्या विषयावर अधिक जाणकारांनी लिहिलेले वाचावे.

जायचे तर दिवाळीनंतर जावे, फेब्रुवारीपर्यंत. मुक्काम करावा, एक रात्र तरी. लोणारमध्ये राहण्याची सोय आहे. पहिल्या दिवशी दुपारी दैत्यसूदन, धार, अंबर तळे आणि मोठा मारुती, आणि संध्याकाळी काठावरून पायी फिरणे. दुसऱ्या दिवशी उजाडताच खाली उतरावे. खाली पिण्याचे पाणी मिळत नाही, बरोबर घ्यावे, आणि रिकाम्या बाटल्या बरोबरच वर आणाव्यात. सरोवरात पोहू नये, साबण लावू नये. उतरताना गावातला वाटाड्या घ्यावा आणि त्याला त्याचे पूर्ण पैसे द्यावेत. कुठला झरा कधी आटतो, मोर कुठे दिसतात, जुनी शेती कुठवर होती, हे त्याला ठाऊक असते. जेवण सुलतानपूर किंवा बीबीकडच्या एखाद्या साध्या खानावळीत घ्यावे. भाकरी आणि ठेचा आपल्या ओळखीचाच असेल. आणि परतताना धुळ्याकडचा कोणी असेल तर साक्रीच्या रस्त्यावर गाडी थांबवून त्या काळ्या टेकड्यांपैकी एकीवर चढून पाहावे.